माहीमचा कॉजवे

मिठी नदीच्या मुखावरून माहीम आणि वांद्रे यांना जोडणारा रस्ता. १८४५ मध्ये तो खुला झाला. आज गाड्यांच्या रांगेत अडकलेल्याला खाली खाडी आहे हे बहुधा वासावरूनच कळते. एके काळी मात्र हे पाणी दोन सत्तांची सरहद्द होते.

१६६१ च्या विवाहकरारानुसार मुंबई पोर्तुगिजांकडून इंग्लंडच्या राजाला आंदण मिळाली, ताबा १६६५ मध्ये मिळाला. माहीम हा मुंबईचाच भाग की नाही, यावर लगेच तंटा झाला आणि इंग्रजांचा अधिकारी हम्फ्री कुक याने ते बेट घेऊन टाकले. साष्टी, म्हणजे खाडीपलीकडचे वांद्रे ज्यात येते ते बेट, पोर्तुगिजांनी सोडली नाही. त्यामुळे माहीमचा किल्ला इंग्रजांचा, समोर वांद्र्याचा किल्ला पोर्तुगिजांचा आणि मध्ये होड्यांची ये-जा, असे चित्र झाले. १७३७ मध्ये मराठे साष्टीत उतरले, १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली आणि इंग्रजांचा शेजारी बदलला. १७७४ च्या अखेरीस इंग्रजांनी साष्टीवरचे ठाणे जिंकले. मराठ्यांशी झालेल्या १७८२ च्या सालबाईच्या तहाने साष्टी त्यांच्याकडेच राहिली. सरहद्द संपली, खाडी उरली.

पुढची साठेक वर्षे माहीमहून वांद्र्याला जायचे तर होडीच. पावसाळ्यात, भरतीच्या वेळी ही ये-जा धोक्याची असे आणि होड्या उलटून माणसे बुडत. पूल बांधायला सरकार पैसे देईना. तेव्हा सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या पत्नी आवाबाई यांनी आधी एक लाख आणि खर्च वाढल्यावर आणखी ५७ हजार रुपये दिले. अट एकच : या वाटेवर कोणाकडून टोल घ्यायचा नाही. (२००९ मध्ये वांद्र्याहून वरळीकडे निघालेल्या सागरी सेतूवर टोल आहे, हे इथे आठवतेच.) माहीमकडून येणाऱ्या रस्त्याला त्यांचेच, ‘लेडी जमशेटजी’ हे नाव आहे, बोलताना त्याचे ‘एल. जे. रोड’ होते.

वांद्रे १९५० मध्ये महापालिकेच्या हद्दीत आले. तरी मुंबई शहर आणि मुंबई उपनगर या दोन जिल्ह्यांची सीमा इथेच आहे. उपनगरातल्या रिक्षाला ती ओलांडायची परवानगी नाही. वांद्र्याला रिक्षावाला मीटर थांबवतो, आणि माहीमला जाणारा टॅक्सी शोधू लागतो.