वार्धक्यातील मेंदूपेशींचे एपिजेनेटिक बदल

डीएनएचा मूळ मजकूर तोच राहतो, पण कोणते जनुक चालू राहील व कोणते बंद, हे ठरवणाऱ्या रासायनिक खुणा वयाबरोबर बदलत जातात. मेंदूच्या पेशींत होणारे असे फेरबदल ‘एपिजेनेटिक बदल’ या संज्ञेत येतात.

त्वचेच्या आणि रक्ताच्या पेशी झडतात, नव्या येतात. चेतापेशींचे तसे नाही. ठाण्यात तलावपाळीवर संध्याकाळी गप्पांना जमणाऱ्या ऐंशीच्या आजोबांच्या मेंदूतल्या बहुतेक चेतापेशीही ऐंशी वर्षांच्याच असतात. आयुष्यभराच्या खुणा त्यांच्यावर साचतात, म्हणून मेंदूचा अभ्यास इथे विशेष मोलाचा ठरतो.

डीएनएतील सायटोसिन या घटकाला मेथिल गट हा छोटा रासायनिक गट जोडला जाणे म्हणजे मेथिलीकरण. दुसरी खूण हिस्टोन प्रथिनांवर असते. डीएनए त्यांच्याभोवती गुंडाळलेला असतो. अ‍ॅसिटिल गट जोडला गेला की वेढे सैलावतात आणि जनुक वाचले जाते. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात १६ महिन्यांच्या उंदरांमध्ये शिकतेवेळी एच४ या प्रकारच्या हिस्टोनवर वाढायला हवे ते अ‍ॅसिटिलीकरण वाढत नव्हते, आणि त्यांचे शिकणेही मंदावले होते. औषधाने ते वाढवल्यावर उंदीर पुन्हा शिकू लागले. या खुणा पुसता-बदलता येतात, हे या विषयातले सर्वांत आशादायक निरीक्षण होय. माणसाच्या विस्मरणावर मात्र त्यातून अद्याप रूढ उपचार निघालेला नाही. खारघरच्या अ‍ॅक्ट्रेक या कर्करोग संशोधन संस्थेत हिस्टोनांचा अभ्यास होतो, पण तो कर्करोगाच्या अंगाने.

संशोधक स्टीव्ह हॉरवाथ यांनी २०१३ मध्ये डीएनएवरील ३५३ जागांच्या मेथिलीकरणावरून वय काढण्याची पद्धत मांडली. तिच्या मोजणीत अनुमस्तिष्क (मेंदूच्या मागे-खाली असलेला लहान मेंदू) शरीराच्या इतर भागांपेक्षा सावकाश म्हातारे होताना दिसते. म्हणूनच रक्ताच्या नमुन्यावरून ‘जैविक वय’ सांगणारा अहवाल मेंदूचे वय म्हणून वाचू नये. जिवंत माणसाच्या मेंदूचा तुकडा सहसा काढता येत नाही. या क्षेत्रातली बरीच माहिती मरणोत्तर मेंदूदानातून आली आहे.

मेथिल गट पुरवणाऱ्या चयापचयाला बी-१२ जीवनसत्त्व लागते. शाकाहारी ज्येष्ठांत ते कमी असणे नवे नाही. विसराळूपणाची तक्रार आली की डॉक्टर बी-१२ आणि थायरॉइड आधी तपासतात, कारण ही दोन्ही कारणे वेळीच सापडली तर उपचारांनी बरीच सुधारणा होऊ शकते.