नदीच्या पाण्यातलं तणनाशक: पाऱ्याच्या थेंबापासून छापील पट्टीपर्यंत

१९२२ साली प्रागमध्ये यारोस्लाव्ह हेयरोव्हस्की यांनी केशनळीतून ठिबकणाऱ्या पाऱ्याच्या थेंबाला व्होल्टेज देऊन द्रावणातला प्रवाह मोजला. हीच पोलॅरोग्राफी, १९५९चं नोबेल तिच्यासाठीच मिळालं. दर थेंबाला पृष्ठभाग कोरा, म्हणून आधीच्या मोजणीचा मळ पुढे येत नाही. नदीच्या गढूळ नमुन्यांसाठी ही सोय फार मोठी होती.

तणनाशकं नंतर आली. पॅराक्वाट १९६२ मध्ये बाजारात आलं, पण रसायनशास्त्रज्ञ ते मिथिल व्हायोलोजेन म्हणून आधीपासून ओळखत होते. ते इलेक्ट्रॉन चटकन घेतं. तण मरतं ते याच गुणामुळे, आणि सिल्व्हर क्लोराइडच्या संदर्भ इलेक्ट्रोडच्या तुलनेत उणे ०.७ व्होल्टच्या आसपास शिखर (प्रवाह-व्होल्टेज आलेखातला उंचवटा) दिसतं तेही याचमुळे. अॅट्राझिन हे दुसरं तणनाशक मात्र हट्टी. रेणूतल्या वलयाला प्रोटॉन जोडल्याशिवाय त्याचं क्षपण (इलेक्ट्रॉन घेणं) होत नाही, म्हणून द्रावणाचा पीएच २ च्या आसपास आणावा लागतो. शिखर येतं उणे १ व्होल्टजवळ. इतक्या आम्लात प्लॅटिनमवर त्याआधीच हायड्रोजन सुटतो. पाऱ्यावर सुटत नाही.

खरी अडचण संवेदनक्षमतेची होती. जुन्या पद्धतीला लिटरला साधारण २ मिलिग्रॅम अॅट्राझिन लागे. आयएस १०५०० (२०१२) हे पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक लिटरला २ मायक्रोग्रॅमच चालवून घेतं, म्हणजे हजार पटींचा फरक. वाढत्या थेंबाचा पृष्ठभाग भारित करण्यात जाणारा प्रवाह खरा संकेत झाकून टाकायचा. १९५०च्या दशकात इंग्लंडमधल्या हारवेलच्या अणुसंशोधन केंद्रात जेफ्री बार्कर यांनी व्होल्टेज स्पंदांत (क्षणिक झटक्यांत) दिलं आणि प्रवाह स्पंदाच्या शेवटी मोजला. भारणाचा प्रवाह तोवर विरलेला असतो. या युक्तीने ती दरी बरीचशी भरली.

पण हे आकडे स्वच्छ बफरमधले, म्हणजे पीएच स्थिर ठेवणाऱ्या द्रावणातले. नदीच्या पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन स्वतःच्या दोन लाटा देतो. मोजणीआधी नमुन्यातून दहाएक मिनिटं नायट्रोजन सोडावाच लागतो. कुजलेल्या पालापाचोळ्यातून येणारी ह्युमिक आम्लं इलेक्ट्रोडवर बसतात आणि शिखर खुजं होतं, म्हणून स्वच्छ द्रावणात आधी काढलेला कॅलिब्रेशन आलेख (प्रमाणानुसार शिखराची उंची दाखवणारा) इथे फसवतो. त्याच नमुन्यात ज्ञात प्रमाणाचं द्रावण दोन-तीनदा मिसळून शिखराची वाढ मोजावी. पॅराक्वाट धनभारित असल्याने काचेला आणि चिकणमातीला चिकटतं: नमुना पॉलिप्रॉपिलीनच्या बाटलीत घ्यावा, आणि ०.४५ मायक्रॉनच्या गाळणीतून गेल्यावर उरतं ते फक्त विरघळलेलं, हे अहवालात लिहावं. आडसाली उसाला अॅट्राझिन मारतात ते ऐन पावसाळ्यात, तेव्हा गाळही सर्वाधिक असतो.

पाऱ्याचा वापर आवरणाऱ्या मिनामाता करारानंतर (२०१३) पारा आणखी नकोसा झाला. जोसेफ वांग यांच्या गटाने २००० मध्ये पाऱ्याऐवजी बिस्मथ धातूचा थर सुचवला होता. तो मुख्यतः शिसं-कॅडमियमसाठी. तणनाशकांसाठी आता बोरॉन मिसळलेल्या हिऱ्याचे इलेक्ट्रोड आणि कार्बनची शाई छापलेल्या पट्ट्याही वापरतात. एकदा वापरून फेकायची पट्टी म्हणजे पुन्हा कोरा पृष्ठभागच. ग्लायफोसेट हे तणनाशक नेहमीच्या व्होल्टेजला जवळजवळ गप्प असतं. ते तांब्याशी जोडून आडवाटेने मोजतात. अॅट्राझिन आणि त्याचंच भावंड सिमाझिन यांची शिखरं मात्र कुठल्याही पट्टीवर एकमेकांत मिसळतात, त्यामुळे मर्यादा ओलांडणारा नमुना शेवटी एलसी-एमएसलाच (रेणू वेगळे करून वस्तुमानावरून ओळखणाऱ्या यंत्राकडे) पाठवावा लागतो.