समान वजनाचा इंडेक्स फंड: अर्जाआधी नावं जुळवा

अमळनेरकरांना विप्रो सांगायला नको. १९४५ साली ती तिथेच उभी राहिली. पण २०२५ मध्ये देशातल्या पन्नास बड्या कंपन्यांच्या निफ्टी ५० या शेअर निर्देशांकात तिचा वाटा एक टक्काही नव्हता, आणि एकट्या एचडीएफसी बँकेचा दहा टक्क्यांच्या वर. तिथलं वजन, म्हणजे हा वाटा, कंपनीच्या बाजारमूल्यावर ठरतं. निफ्टी ५० इक्वल वेट निर्देशांकात मात्र पन्नासही कंपन्या दर तिमाहीला पुन्हा दोन-दोन टक्क्यांवर आणतात. याच निर्देशांकाप्रमाणे पैसे लावणारा म्युच्युअल फंड म्हणजे समान वजनाचा इंडेक्स फंड. म्हणून तो सुरक्षित, असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. शेअर बाजारच तो, पडला की हाही पडतो. आणि बड्या कंपन्याच पळतात त्या वर्षी हा मागे राहतो.

या इंडेक्स फंडाला डीमॅट खातं लागत नाही. ते ईटीएफला, म्हणजे शेअरसारख्या बाजारात घेतल्या-विकल्या जाणाऱ्या फंडाला लागतं. जळगाव-धुळ्याकडे अजूनही लोक आधी डीमॅट उघडायला धावतात, त्याची गरज नाही.

अर्ज कोण करू शकतो? अठरा वर्षांवरील कुणीही, हिंदू अविभक्त कुटुंब, परदेशात राहणारे भारतीय. अज्ञान मुलाच्या नावे आई-वडील करू शकतात, मुलाचा जन्मदाखला जोडून.

कागद मोजकेच: पॅन, आधार, फोटो, रद्द केलेला चेक किंवा पासबुकाचं पहिलं पान, आधारला जोडलेला मोबाईल. अडतं ते नावावर. पॅनवर ‘पाटील रमेश भिका’, आधारवर ‘रमेश भिका पाटील’, बँकेत नुसतं ‘आर. बी. पाटील’: आपल्याकडे घरोघरी हीच गत. फॉर्म भरण्याआधी तिन्ही कागद शेजारी ठेवून स्पेलिंग आणि जन्मतारीख ताडून पाहा. फरक असेल तर आधी आधार केंद्रावर किंवा पॅन दुरुस्तीतून तो मिटवा. पॅन-आधार जोडणीही झालेली हवी.

मग केवायसी, म्हणजे ग्राहकाची ओळख-पडताळणी. तिची नोंद ठेवणाऱ्या संस्थेच्या (केआरए) संकेतस्थळावर पॅन टाकून स्थिती दिसते. ‘व्हॅलिडेटेड’ असेल तर कुठल्याही फंड कंपनीत थेट अर्ज करा. ‘रजिस्टर्ड’ असेल तर नव्या कंपनीकडे कागद पुन्हा द्यावे लागतात. ‘ऑन होल्ड’ म्हणजे बहुधा मोबाईल, ईमेल किंवा पॅन-आधार जोडणीत खोट. ती निघेपर्यंत व्यवहार होत नाही.

अर्ज फंड कंपनीच्या संकेतस्थळावर भरा, किंवा तिच्या वा रजिस्ट्रारच्या (फंडाच्या नोंदी ठेवणाऱ्या संस्थेच्या) सेवा केंद्रात कागदी द्या. ‘डायरेक्ट’ आणि ‘रेग्युलर’पैकी एकावर खूण करायची असते. रेग्युलरमध्ये मध्यस्थाचं कमिशन फंडाच्या खर्चातून जातं. स्वतः अर्ज भरणाऱ्याने माझ्या मते डायरेक्टच घ्यावा. नॉमिनीचं नाव तेव्हाच लिहा.

पैसे मात्र अर्जदाराच्याच खात्यातून. वडिलांच्या नावे अर्ज आणि पुण्यातल्या मुलाच्या खात्यातून यूपीआय, असा अर्ज नाकारला जातो. एसआयपीसाठी, म्हणजे दरमहा हप्त्यासाठी, बँकेचा मँडेट (खात्यातून हप्ता आपोआप कापायची परवानगी) लागतो; खातं पतसंस्थेत किंवा लहान सहकारी बँकेत असेल तर ही सोय आहे का, आधी विचारा. रावेर-यावलच्या केळीवाल्याला दरमहा हप्ता जमत नसेल तर माल विकल्यावर पैसे एकरकमी टाकावेत. दुपारी तीनच्या आत अर्ज आणि पैसे दोन्ही पोचले तर फंडाचा त्याच दिवसाचा भाव मिळतो.

शेतीचं उत्पन्न करमुक्त आहे, पण त्या पैशातून घेतलेल्या फंडाचा नफा नाही. फंड वर्षाच्या आत विकला तर नफ्यावर २० टक्के कर. वर्षानंतर सव्वा लाखावरच्या नफ्यावर साडेबारा टक्के.