सैतानाचा सूर, आत्याची पेटी आणि ब्लॅक सॅबथचा पहिला अल्बम

ब्लॅक सॅबथ या ब्रिटिश हेवी मेटल बँडचा गायक ऑझी ऑस्बोर्न 22 जुलै 2025 ला गेला, त्या आठवड्यात मी आत्याकडे होतो. तिची पेटी उघडी दिसली म्हणून सहज बसलो आणि तीन सूर वाजवले. खालची पांढरी पाच, मग वरची पांढरी पाच, मग दोन्हीच्या मधली काळी एक, आणि ती दाबून धरली. मेटल ऐकणाऱ्या कुणालाही हे तीन सूर झोपेत ओळखता येतील. ब्लॅक सॅबथच्या पहिल्या अल्बममधलं पहिलं गाणं, त्याचं नाव पण ब्लॅक सॅबथच, त्याची रिफ, म्हणजे परत परत येणारी गिटारची सुरावट, ती एवढीच. आत्या आयुष्यभर गाणं शिकवत आलीये, तिने स्वयंपाकघरातूनच विचारलं, "यमन का रे? मग मध्यमावर काय लोंबकळतोयस, पुढे जा की."

म्हणजे बघा, ज्या सुरावर अख्ख्या हेवी मेटलचा पाया घातलाय असं म्हणतात, सैतानाचा सूर वगैरे, तो आत्याच्या लेखी तीव्र मध्यम. रोज संध्याकाळी पोरी तो सूर गातात आणि कुणाला काही होत नाही.

आधी अल्बमबद्दल. बर्मिंगहॅमची चार पोरं, गिटारवर टोनी आयोमी, बासवर गीझर बटलर, ड्रम्सवर बिल वॉर्ड आणि गायला ऑझी. 16 ऑक्टोबर 1969 ला लंडनच्या रीजंट साउंड स्टुडिओत शिरली आणि जवळजवळ सगळं एका दिवसात वाजवून मोकळी झाली. प्रोड्युसर रॉजर बेन, मशीन फोर ट्रॅक, म्हणजे टेपवर आवाज वेगवेगळे ठेवायला चारच जागा, त्यामुळे "ते नंतर बघू" म्हणायची सोयच नव्हती, स्टेजवर वाजवतात तसंच वाजवलं. पाऊस, वीज आणि चर्चची घंटा नंतर जोडली. अल्बम आला 13 फेब्रुवारी 1970 ला, वार शुक्रवार, मुद्दाम. समीक्षकांनी धुतला, लोकांनी विकत घेतला, ब्रिटनमध्ये 8 व्या नंबरपर्यंत गेला.

रिफचं असं सांगतात की गीझरला गुस्ताव होल्स्टचं मंगळावरचं ऑर्केस्ट्रा संगीत फार आवडायचं, तो ते बासवर वाजवत बसायचा आणि दुसऱ्या दिवशी टोनी ही रिफ घेऊन आला. खालचा सा, वरचा सा, तीव्र म. पाश्चात्य पद्धतीत सप्तकाचे 12 सारखे भाग करतात आणि हा सूर 6 भागांवर, म्हणजे बरोब्बर मध्यावर बसतो. वरचा सा खालच्याच्या दुप्पट कंपनांचा, म्हणून मधल्या सुराचं गुणोत्तर येतं 2 चं वर्गमूळ, 1.414. आता कानाला सोपी गुणोत्तरं आवडतात, सा-प म्हणजे 3/2, सा-शुद्ध म म्हणजे 4/3, आणि इथे आलाय अपरिमेय आकडा. आपल्याकडे तीव्र मध्यम बरेचदा 45/32 धरतात, म्हणजे 1.406, ते पण काही सोपं नाहीये.

हे पेटीवर करून बघा, वाचून पटणार नाही. सा आणि प एकदम दाबा, भाता हलका ठेवा, आवाज काचेसारखा स्थिर. मग प सोडून तीव्र म दाबा, लगेच आवाजात भुंग्यासारखी घरघर येते. कारण असं की कुठलाही सूर एकटा येत नाही, त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनांचे स्वर पण सोबत येतात. समजा सा 100 हर्ट्झचा. प 150 चा. सा ची तिप्पट 300, प ची दुप्पट 300, दोन्ही एकावर एक बसले. तीव्र म 141.4 चा, त्याची दुप्पट 282.8, आणि ती त्या 300 च्या शेजारी येऊन बसते, जवळ आहे पण एक नाही. फरक 17 चा, म्हणजे सेकंदाला 17 वेळा आवाज फुगतो आणि बसतो. इतक्या वेगाचे ठोके कान सुटे मोजू शकत नाही, त्याला तो खरखरीतपणा वाटतो.

पण थांबा, रिफमध्ये हे सूर एकामागून एक येतात, एकत्र वाजत नाहीत, मग घरघर कुठली? इथे आत्याचंच बरोबर आहे. तिथे काम करते ती अपेक्षा. तीव्र म पंचमाला इतका चिकटून आहे की कान म्हणतो आता हा वर जाणार. यमनमध्ये तो जातोच, फिरून येतो, तानपुरा मागे सा-प धरून असतो, तुम्ही घरात आहात. आयोमी तुम्हाला त्या सुरावर लटकवतो आणि परत खाली सा वर आणून आपटतो, तेही इतक्या संथ लयीत की दर वेळी वाटतं आता सुटेल, आणि सुटत नाही. बाकी मध्ययुगात चर्चने या सुरावर बंदी घातली होती ही कथा सगळीकडे फिरते, तिला पुरावा नाही. टाळायचे, अवघड मानायचे, हे खरं, पण "संगीतातला सैतान" हा शब्दप्रयोग लिखाणात दिसतो तो 18 व्या शतकाच्या सुरुवातीपासून, आणि गाणाऱ्यांना जाळलं वगैरे तर नुसत्या थापा.

आता दुसरी गोष्ट, बोटांची. आयोमी 17 वर्षांचा असताना पत्र्याच्या कारखान्यात, नोकरीच्या शेवटच्या दिवशी, मशीनमध्ये उजव्या हाताची मधली दोन बोटं गेली, टोकं तुटली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हात उजवा, नेमका तोच. त्याने भांडी घासायच्या लिक्विडची प्लास्टिकची बाटली वितळवून टोपणं केली, वरून चामडं लावलं आणि परत वाजवायला लागला. पण टोपणाला तार कळत नाही, जोर जास्त लागतो, म्हणून त्याने बारीक तारा शोधल्या, गिटारच्या मिळेनात म्हणून बँजोच्या लावल्या.

यात साधं फिजिक्स आहे. लांबी आणि सूर तोच ठेवला तर तारेवरचा ताण जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. गिटारवाले ज्याला टेन म्हणतात ती तार काढून नाइन लावली, म्हणजे 10 हजारांश इंचाऐवजी 9, की ताण 19 टक्के उतरतो. पुढे 1971 मध्ये तिसऱ्या अल्बमवर त्याने काही गाण्यांना अख्खी गिटार तीन पट्ट्या (सप्तकाच्या 12 पैकी 3 भाग) खाली उतरवली, आणि ताण कंपनसंख्येच्या पण वर्गाप्रमाणे बदलतो, हिशोब केला तर तो राहतो मूळच्या 0.707 पट. म्हणजे 1 भागिले 2 चं वर्गमूळ, परत तोच सैतानाचा आकडा! हे सापडलं तेव्हा मी एकटाच हसलो, योगायोगच आहे, पण काय योगायोग. तर हेवी मेटलचा तो ढिला, जड, घरंगळणारा आवाज बऱ्याच अंशी एका जखमी हाताची सोय आहे.

डिस्टॉर्शनचं, म्हणजे गिटारच्या त्या मुद्दाम फाटक्या केलेल्या आवाजाचं, थोडक्यात सांगतो. आयोमीने जर्मेनियम ट्रान्झिस्टरचा एक ट्रेबल बूस्टर, डॅलस रेंजमास्टर, थोडा बदलून घेतला आणि लेनी अँपला त्याच्या कुवतीपेक्षा जास्त सिग्नल दिला. अँप लाटेचे शेंडे छाटतो, छाटलेल्या लाटेत नवे स्वर तयार होतात, आणि दोन सूर एकदम दिले तर त्यांच्या बेरजेचे-वजाबाकीचे पण. सा-प दिलं तर 150 वजा 100, 50, म्हणजे खालच्या सप्तकातला सा फुकटात मिळतो, म्हणून पॉवर कॉर्ड, म्हणजे हीच सा-प ची जोडी, भिंतीसारखा वाटतो. सा आणि तीव्र म दिलं तर 41.4, कशाशीच नातं नाही, नुसता चिखल.

कव्हरबद्दल बोलल्याशिवाय राहवत नाही. ती गुलाबी-तपकिरी झाडी, पाणचक्की आणि काळ्या झग्यातली बाई. पाणचक्की खरी आहे, ऑक्सफर्डशरमधल्या मेपलडरहॅमची, फोटो कीथ मॅकमिलनचा, आणि फिल्म कोडॅकची एरोक्रोम, इन्फ्रारेड, म्हणजे डोळ्यांना न दिसणारा प्रकाश टिपणारी. पानं लाल प्रकाश खातात पण इन्फ्रारेड जोरात परत फेकतात, आणि ही फिल्म इन्फ्रारेडला लाल रंगात दाखवते, म्हणून हिरवं झाड गुलाबी. लष्कर अशा फिल्मने हिरव्या कापडाखाली लपलेल्या गाड्या शोधायचं, कापड हिरवं असलं तरी पानासारखं चमकत नाही. आणि त्याच सुमारास आपल्याकडे प्रा. पिशारोटींच्या टीमने केरळात हवेतून इन्फ्रारेड फोटो काढून रोगट नारळाची झाडं ओळखली होती, भारतातल्या रिमोट सेन्सिंगची, म्हणजे वरून, दुरून जमीन तपासायच्या तंत्राची, सुरुवात तीच मानतात. तंत्र एकच, एकीकडे चेटकीण, एकीकडे नारळ.

आता रीइश्यू, म्हणजे याच अल्बमच्या नव्याने काढलेल्या आवृत्त्या. 2009 मध्ये डिलक्स आवृत्ती आली, दुसऱ्या सीडीवर त्याच सेशनचे उरलेले टेक, शब्दांशिवायची टायटल ट्रॅक सुद्धा. शिवाय "विकेड वर्ल्ड", जे ब्रिटनच्या मूळ एलपीवर नव्हतंच. हे गाणं आयोमीने स्ट्रॅटोकास्टर गिटारवर वाजवलं आणि मग तिचा पिकअप (तारांचं कंपन पकडणारा भाग) गेला, म्हणून बाकी अल्बम जवळ ठेवलेल्या दुसऱ्या गिटारवर, एसजीवर झाला. एकाच स्टुडिओतल्या दोन गिटार शेजारी-शेजारी ऐकायला मिळतात, याला मी पैसे द्यायला तयार आहे.

रीमास्टर या शब्दाला मात्र भुलू नका. रीमिक्स म्हणजे मल्टीट्रॅक टेपवरून वाद्यांचं प्रमाण परत ठरवणं. रीमास्टर म्हणजे आधीच मिसळलेल्या टेपवर टोन आणि लेव्हलचं काम, शिजलेल्या आमटीत वरून मीठ घालता येतं, डाळ वेगळी काढता येत नाही तसं. आणि सीडीच्या काळात बऱ्याच जणांनी मीठ जास्तच घातलं, म्हणजे आवाज चढवला. सीडीला वरची मर्यादा पक्की असते, त्यामुळे आणखी चढवायचं तर मोठे आवाज दाबायचे आणि सगळं वर ढकलायचं. समजा पाऊस रिफच्या 20 डेसिबल खाली आहे, म्हणजे लाटेची उंची दहावा हिस्सा. हा फरक दाबून 12 केला की पाऊस चौथा हिस्सा झाला. पाऊस जवळ आला, आणि मग रिफ अंगावर येतच नाही, कारण अंगावर यायला आधी लांब असावं लागतं.

गंमत म्हणजे पहिल्यांदा ऐकताना मोठीच आवृत्ती चांगली वाटते. आवाज वाढला की कानाला बास जास्त ऐकू येतो, हे फ्लेचर आणि मन्सन यांनी 1933 मध्येच मोजून ठेवलंय. म्हणून तुलना करायची तर आधी दोन्हींचा व्हॉल्यूम सारखा करा. स्ट्रीमिंग ॲप्स आता हे बरंचसं स्वतःच करतात, स्पॉटिफाय सगळं साधारण उणे 14 लफ्सवर (लफ्स म्हणजे आवाज किती मोठा वाटतो त्याचं माप) आणतं, म्हणजे दाबून मिळवलेला मोठेपणा तिथे वाया, दाबलेपणा तेवढा उरतो.

त्या दिवशी मी आत्यावर प्रयोग केला. एक जुनी सीडी, एक नंतरची आवृत्ती, व्हॉल्यूम जमेल तितका सारखा करून, कुठली कोणती ते न सांगता. तिने दोन्ही वेळा डोळे मिटून पाऊस ऐकला, घंटा ऐकली, रिफ आली तेव्हा कपाळाला आठी घातली. मग म्हणाली, "पहिली. त्यात पाऊस अंगणात पडत होता, दुसऱ्यात घरात." आणि ऑझीचा आवाज सुरू झाल्यावर, "हा मुलगा घाबरलाय खरा, पण सुरात आहे."