पावसाचा खंड (मराठवाडा)

खरीप हंगामात सलग दोन-तीन आठवडे किंवा त्याहून अधिक काळ पिकाला उपयोगी पडेल असा पाऊस न होणे, यास पावसाचा खंड म्हणतात. मराठवाड्याच्या आठ जिल्ह्यांत वार्षिक पर्जन्यमान सरासरी ७५० मिमी.च्या आसपास आहे. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतील पश्चिम भागात ते कमी, तर नांदेड-हिंगोलीकडे अधिक असते. तथापि या बेरजेवरून हंगाम कसा गेला हे कळत नाही. पाऊस किती पडला यापेक्षा तो केव्हा पडला नाही, यावर येथील कोरडवाहू शेती ठरते आणि पाण्याचे नियोजनही त्याच प्रश्नापासून सुरू व्हायला हवे.

मोसमी पावसाचा आस, म्हणजे पाऊस देणारा कमी दाबाचा पट्टा, हिमालयाच्या पायथ्याशी सरकला की मध्य भारतात व दख्खनमध्ये पाऊस ओढ देतो. प्रशांत महासागराचे पाणी नेहमीपेक्षा तापते त्या एल निनोच्या वर्षी असे खंड लांबण्याची शक्यता वाढते. २०२३चा ऑगस्ट हा १९०१पासूनच्या नोंदींत देशातील सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला, आणि नेमक्या त्याच महिन्यात मराठवाड्यातील सोयाबीन फुलोऱ्यात व शेंगा भरण्याच्या अवस्थेत होते. हवामान बदलामुळे तापलेली हवा अधिक बाष्प धरून ठेवते. त्यामुळे पाऊस थोड्या दिवसांत कोसळण्याकडे कल वाढतो. सप्टेंबर २०२५मध्ये बीड, धाराशिव, लातूर या एरवी टँकरच्या भागांतच पुराने जमिनी खरडून गेल्या.

खंडाचा परिणाम जमिनीनुसार बदलतो. मुरमाड, हलक्या रानातील पीक आठ-दहा दिवसांत दुपारी माना टाकू लागते. खोल काळी जमीन अधिक काळ तग धरते, पण ती वाळताना भेगाळते, मुळे तुटतात आणि भेगांतून खालची ओलही उडून जाते. म्हणून खंड दिसू लागताच कोळपणी करून मातीचा वरचा थर मोकळा ठेवणे हा सर्वांत स्वस्त व जुना उपाय आजही तितकाच मोलाचा आहे. ७५ ते १०० मिमी पाऊस झाल्याखेरीज पेरणी न करणे, रुंद वरंबा-सरी पद्धतीने सोयाबीन पेरणे व त्यात तुरीचे आंतरपीक घेणे या शिफारशींमागेही ओल जमिनीत धरून ठेवण्याचे हेच तत्त्व आहे. सरीत मुरलेले पाणी खंडात उपयोगी पडते आणि अतिवृष्टीत तीच सरी जादा पाणी बाहेर काढते.

फुलोऱ्यात किंवा शेंगा भरताना तुषार संचाने दिलेले एखादे संरक्षित पाणी पीक वाचवू शकते. ते साठवण्यासाठी शेततळी खोदली गेली. मात्र वाहून जाणारे पाणी अडवणारे शेततळे आणि विहीर-बोअरचे पाणी उपसून भरलेले, प्लास्टिक अस्तराचे शेततळे यांत मूलभूत फरक आहे. दुसऱ्या प्रकारात जमिनीखाली सुरक्षित असलेले पाणी उन्हात उघडे पडते व शेजाऱ्याची विहीर लवकर तळ गाठते. बेसाल्ट खडकात पाणी केवळ झिजलेल्या थरांत व सांध्यांत मावत असल्याने हा उपसा परवडणारा नाही. वर्षभर पाणी मागणाऱ्या उसाबाबतही हेच म्हणावे लागेल. मांजरा खोऱ्यात ऊस वाढत गेला आणि २०१६मध्ये लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पिण्याचे पाणी आणावे लागले. जायकवाडीसारखे मोठे धरणही कोरडवाहू शिवाराचा खंड भरून काढत नाही. त्याचे पाणी कालव्याखालील लाभक्षेत्रापुरते असते, शिवाय ते नाशिक-अहिल्यानगरकडील पावसावर अवलंबून असते.

दुष्काळी मदतीसाठी खंड महसूल मंडळाच्या पर्जन्यमापकावरून मोजला जातो; २०२५च्या खरिपापूर्वी पीकविम्यातही तोच आधार होता. एका मंडळात अनेक गावे येतात आणि ऑगस्टमधील सर अनेकदा एका शिवारावर पडून दुसरे कोरडे सोडते. मापकाच्या गावी हलकी सर आली तरी कागदावरचा खंड तुटू शकतो, आणि पाच-सहा किलोमीटरवरचे सुकलेले सोयाबीन भरपाईच्या निकषाबाहेर राहू शकते.