अप्रिशिएट आणि प्रेझ: कदर कुठली, कौतुक कुठलं

काही वर्षांपूर्वी मी पुण्यात बसून लंडनच्या एका गिऱ्हाइकाचं काम करत होतो. तीन आठवडे खपून एक अहवाल पाठवला. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं, त्याचं पहिलं वाक्य होतं, 'आय अप्रिशिएट दॅट यू हॅव पुट अ लॉट ऑफ वर्क इनटू धिस.' तेवढं वाचून मी शेजारच्या टेबलापर्यंत ऐकू जाईल असं म्हणालो, 'साहेबांनी कौतुक केलंय!' आणि सगळ्यांसाठी चहा सांगितला. चहा येईपर्यंत माझं दुसरं वाक्य वाचून झालं होतं. ते 'हाउएव्हर'ने सुरू होत होतं आणि त्यात अहवाल पुन्हा पहिल्यापासून लिहायला सांगितलं होतं. चहाचे पैसे अर्थातच मीच दिले.

साहेबांचं काही चुकलं नव्हतं. त्यांनी कौतुक केलंच नव्हतं. 'तुम्ही बरेच कष्ट घेतलेत याची मला जाणीव आहे', एवढंच ते म्हणत होते. कौतुक करायचं असतं तर त्यांनी प्रेझ केलं असतं. अप्रिशिएट आणि प्रेझ या दोन क्रियापदांत जे अंतर आहे ते आपल्याकडच्या हपिसी इंग्रजीत जवळजवळ पुसलं गेलंय. 'मीटिंगमध्ये बॉसने मला अप्रिशिएट केलं' असं आपण म्हणतो तेव्हा आपल्या मनात असतं ते प्रेझ: चारचौघांत नाव घेतलं, टाळ्या झाल्या, पाठीवर कौतुकाची थाप पडली. इंग्लंडातल्या माणसाला त्याच वाक्यातून वेगळंच ऐकू जातं. बॉसला तुझी किंमत कळली म्हणे, बरं झालं. पण ती मीटिंगमध्ये कशी काय कळली, असा प्रश्न त्याला पडतो.

गंमत म्हणजे दोन्ही शब्द एकाच घरचे. लॅटिनमध्ये 'प्रेतिउम' म्हणजे किंमत. त्यावरून फ्रेंचमार्गे प्रेझ, प्राइस आणि प्राइझ आले, आणि 'किंमत ठरवणे' या अर्थाच्या क्रियापदावरून सतराव्या शतकात अप्रिशिएट इंग्रजीत आलं. प्रेशस त्याच घरचा, डिप्रिशिएट त्याच घरचा, आणि दर मार्च-एप्रिलमध्ये पोटात गोळा आणणारं अप्रेझलही त्याच घरचं. एक भावंड बाजारात बसून किंमत ओरडून सांगायला लागलं, ते प्रेझ. दुसरं आत बसून तराजूत वजन बघत राहिलं, ते अप्रिशिएट.

मराठीत ही वाटणी आपल्याला आयती मिळालेली आहे, फक्त आपण ती इंग्रजी बोलताना विसरतो. 'कौतुक' मूळ संस्कृतात कुतूहल, नवल. लग्नात मनगटाला बांधायच्या मंगल धाग्यालाही कौतुक म्हणत. म्हणजे शब्दात मुळातच सोहळा आहे, बघणारे डोळे आहेत. 'कदर' आली अरबीतून, तिथे तिचा अर्थ माप, मूल्य. कौतुक करावं लागतं. कदर असते किंवा नसते. आणि बहुतेक वेळा ती नसतेच, कारण हा शब्द आपण तक्रारीतच जास्त वापरतो: 'इतकी वर्षं राबलो, पण कुणाला कदर नाही.' कौतुक नाही झालं तर माणूस रुसतो. कदर नाही झाली तर तो नोकरी सोडतो.

आमच्या आजोबांनी आजीच्या स्वयंपाकाला उभ्या आयुष्यात 'छान' म्हटल्याचं कुणी ऐकलं नाही. पण आमटी आवडली की ते वाटी पुढे सरकवत, एक शब्द न बोलता, आणि आजी ती भरे. इंग्रजीत सांगायचं तर ही नेव्हर प्रेझ्ड हर कुकिंग, बट ही अप्रिशिएटेड इट. हे वाक्य उलटं करून पाहा: तोंड भरून स्तुती केली आणि आमटी ताटात तशीच ठेवली. तेही शक्य आहे. आपल्याकडच्या बऱ्याच लग्नांत तेच चालतं.

प्रेझला तोंड लागतं, बोलल्याशिवाय ते घडत नाही. शिवाय त्याला दिशा असते, मोठ्याकडून धाकट्याकडे. बाई मुलाला प्रेझ करतात, कप्तान नव्या गोलंदाजाला करतो. उलट दिशेने केलं की संशय येतो. शिपायाने साहेबाची स्तुती केली तर त्याला आपण हरभऱ्याच्या झाडावर चढवणं म्हणतो. (देव एवढाच अपवाद. 'प्रेझ द लॉर्ड' चालतं, कारण त्याला झाडावर चढवण्याची सोय नाही.) अप्रिशिएटला अशी दिशा नसते. आपल्यापेक्षा वीस वर्षांनी मोठ्या माणसाला 'आय अप्रिशिएट युअर ॲडव्हाइस' म्हणता येतं. 'आय प्रेझ युअर ॲडव्हाइस' म्हटलंत तर तो माणूस चष्मा काढून तुमच्याकडे बघेल.

आता व्याकरणाचं थोडं, कारण चुका तिथेच दिसतात. प्रेझला माणूस चालतो आणि मागून 'फॉर' येतं: 'शी प्रेझ्ड हिम फॉर हिज ऑनेस्टी.' अप्रिशिएटला बहुधा गोष्ट लागते: मदत, वेळ, सल्ला, अडचण. 'वुई अप्रिशिएट हिम फॉर हिज हेल्प' हे मराठी कानाला बरोबर वाटतं, कारण 'आम्ही त्याचं मदतीबद्दल कौतुक करतो' हा साचा आपल्या डोक्यात तयार असतो. सरळ 'वुई अप्रिशिएट हिज हेल्प' म्हणावं. 'आय ॲम अप्रिशिएटिंग युअर एफर्ट्स' ही दुसरी. जाणीव असणं ही क्रिया नव्हे, ती स्थिती आहे, म्हणून तिथे साधा वर्तमानकाळच बरा. आणि विनंतीच्या पत्रात 'आय वुड अप्रिशिएट इफ यू कॅन रिप्लाय' लिहिताना मधला 'इट' हमखास गळतो. 'आय वुड अप्रिशिएट इट इफ यू कुड रिप्लाय' हे पूर्ण वाक्य. जाता जाता एक: हे वाक्य दिसतं विनंतीसारखं, पण वरिष्ठाकडून आलं तर तो हुकूम समजावा.

माझा चहा ज्या वाक्याने बुडवला त्यात अप्रिशिएटच्या पाठीमागे 'दॅट' होतं. हा वापर आपल्याकडे सगळ्यात कमी ओळखीचा आहे आणि सगळ्यात जास्त फसवतो. 'आय अप्रिशिएट दॅट' म्हणजे 'मला मान्य आहे, मला समजतंय'. 'आय अप्रिशिएट दॅट धिस इज डिफिकल्ट' असं म्हणणारा अडचणीचं कौतुक करत नसतो. तिचं वजन त्याला कळलंय, एवढं सांगतो आणि मग बहुतेक वेळा नकार देतो. 'आय अप्रिशिएट युअर कन्सर्न' हेही याच जातीचं. त्याचं खरं मराठी 'काळजीबद्दल आभारी आहे, आता तुमचं तुम्ही बघा' असं होतं. ब्रिटिश माणसाशी पत्रव्यवहार करताना अप्रिशिएट दिसलं की आधी पुढे 'बट' किंवा 'हाउएव्हर' आहे का ते बघून घ्यावं, चहा नंतर सांगावा.

हा वजन करण्याचा अर्थ आपल्या कोर्टांनी अगदी जपून ठेवलाय. अपिलाच्या अर्जात वकील लिहितात की खालच्या न्यायालयाने पुरावा नीट अप्रिशिएट केला नाही. न्यायाधीशांनी साक्षीदाराचं कौतुक करायला हवं होतं असा त्याचा अर्थ कुणीच घेत नाही. 'अप्रिसिएशन ऑफ एव्हिडन्स' म्हणजे पुराव्याचं मूल्यमापन: कोणत्या साक्षीवर किती भरवसा ठेवायचा, विसंगती किती गंभीर धरायची. एखादी साक्ष नीट अप्रिशिएट करून ती साफ खोटी ठरवता येते. कोर्टात शक्य आहे ते कॅन्टीनमध्ये का नसावं?

शाळेत मात्र हा अर्थ हरवतो. दहावीच्या इंग्रजीच्या पेपरात कवितेचं 'अप्रिसिएशन' लिहायला येतं. शीर्षक, कवी, यमकरचना, अलंकार, मध्यवर्ती कल्पना असे मुद्दे दिलेले असतात. मुलं काय लिहितात? 'धिस इज अ व्हेरी ब्यूटिफुल पोएम. आय लाइक इट व्हेरी मच.' हे प्रेझ झालं. तीच मुलं मराठीच्या पेपरात 'रसग्रहण' लिहितात तेव्हा त्यांना कळतं की इथे रस कुठून येतो ते दाखवायचंय. प्रश्न तोच आहे, पण शब्दाने घोटाळा केला. पुण्यात फिल्म इन्स्टिट्यूट आणि फिल्म अर्काइव्हचे जे 'फिल्म अप्रिसिएशन'चे अभ्यासक्रम झाले त्यांना मराठीत आपण 'चित्रपट रसास्वाद' म्हणतो. तिथे कुणाला चित्रपटांची तारीफ करायला शिकवत नाहीत. कॅमेरा इथेच का ठेवला, कात्री इथेच का चालली, हे बघायला शिकवतात. महिनाभर असा रसास्वाद घेतलेला माणूस परत आला की त्याच्याबरोबर सिनेमाला जाणं अवघड होतं, ही गोष्ट वेगळी.

दोन्ही अर्थ जिथे एकत्र येतात ती जागा म्हणजे गाण्याची मैफल. तिथे आपण 'दाद' देतो. दाद फारसीतली, आणि फारसीत दाद म्हणजे न्याय. म्हणून तर कोर्टातही आपण 'दाद मागतो'. समेवर गवई अचूक आला आणि पहिल्या रांगेतल्या म्हाताऱ्याच्या तोंडून नुसतं 'हां' निघालं, तर त्या जागेला न्याय मिळाला. आधी कळलं, मग तोंडातून निघालं. न कळता 'वाह वाह' करणारे मागच्या रांगेत असतातच, बऱ्याचदा चुकीच्या मात्रेवर. ते प्रेझ करत असतात. गाढवाला गुळाची चव काय, असं त्यांना म्हणणार नाही, तिकीट त्यांनीही काढलेलं असतं.

पैशाच्या बाबतीत अप्रिशिएट एकटंच फिरतं, त्याला कर्म लागत नाही. 'द रुपी अप्रिशिएटेड', रुपया वधारला. 'द फ्लॅट हॅज अप्रिशिएटेड', फ्लॅटची किंमत वाढली. उलट बाजूला डिप्रिशिएशन, ज्याला आपल्या लेखापालांनी 'घसारा' हा झकास शब्द दिलाय. आयकराच्या नियमांत धंद्यात वापरलेल्या (पण भाड्याने न चालवलेल्या) मोटारीवर वर्षाला 15 टक्के घसारा धरतात, संगणकावर 40 टक्के. इथे प्रेझ कुठेच बसत नाही. फ्लॅटची कितीही स्तुती करा, भाव वाढत नाही. (बिल्डरांना हे अजून पटलेलं नाही.) आणि 'भाव' म्हटलं की या शब्दाचं आपल्या मराठीशी नातं जुळतं. 'तो मला भावच देत नाही', 'ती फार भाव खाते' असं म्हणताना आपण बाजारातला दर उचलून माणसांवर लावतो. लॅटिनवाल्यांनी प्रेतिउमचं हेच केलं होतं.

अमेरिकेत हल्ली हा शब्द आणखी एक वळण घेतोय. अटलांटात मुलाकडे गेलेले आमचे एक काका दुकानात दुधाचे पैसे देऊन निघाले, तर काउंटरवरचा पोरगा म्हणाला, 'अप्रिशिएट यू!' काका थबकले. घरी येऊन मुलाला विचारलं, 'त्याला माझं काय एवढं आवडलं रे?' मुलगा म्हणाला, 'काही नाही बाबा, थँक्यू म्हणाला तो.' काकांना ते फारसं पटलं नाही. दुसऱ्या दिवशी घरात दूध असूनही ते त्याच दुकानात गेले.