प्रोव्हिजनल की सेकंड बॉल? आधी शंका कशाची आहे ते पाहा

गोल्फमध्ये टीवरून (होलच्या सुरुवातीच्या जागेवरून) मारलेला चेंडू उजवीकडे वळत झाडीत दिसेनासा होतो. खेळाडू बॅगेतून नवा चेंडू काढतो, 'थांबा, अजून एक मारतो' म्हणतो आणि मारतो. पुढे जाऊन पाहावे तर पहिला चेंडू झाडीच्या अलीकडे मोकळ्या गवतात छान बसलेला. सोबतचे खूश होतात, खेळाडू त्याच चेंडूवर क्लब (काठी) लावतो, आणि तिथेच चुकतो. तो चेंडू आता खेळात राहिलेला नाही. नियम 18.3 स्पष्ट सांगतो की 'दुसरा मारतो' किंवा 'पुन्हा मारतो' एवढे म्हणणे पुरेसे नाही. 'प्रोव्हिजनल' (पहिला न मिळाल्यास म्हणून मारलेला तात्पुरता चेंडू) हा शब्द उच्चारायचा किंवा तोच अर्थ निःसंशय कळेल असे काही बोलायचे, तेही फटक्याआधी. तसे न बोलता मारलेला चेंडू हाच खरा चेंडू ठरतो: पहिला फटका एक, दंडाचा एक, आणि हा तिसरा. 'सापडला नाही तर असावा म्हणून एक मारून ठेवतो' हे वाक्य चालून जाते, पण एका शब्दात काम होत असताना वाद कशाला ओढवून घ्या?

गोंधळ वाढतो तो सेकंड बॉलमुळे. नियम 20.1c मधली ही सोय वेगळीच आहे, पण क्लबात दोन्ही नावे एकमेकांच्या जागी सर्रास वापरली जातात. दोन्हींत खेळाडूच्या नावावर एकाच वेळी दोन चेंडू असतात, दोन्ही आधी बोलून मगच खेळायचे असतात, आणि वेळ वाचावा हा हेतू दोन्हींमागे आहे. साम्य एवढेच. चेंडू कुठे आहे याची शंका असेल तर प्रोव्हिजनल. चेंडू समोर दिसतो आहे, पण नियम काय करू देतो ते कळत नाही, तेव्हा सेकंड बॉल. पहिल्यात शोधाशोध झाली की उत्तर मैदानावरच मिळते. दुसऱ्यात ते फेरी संपल्यावर स्पर्धा चालवणाऱ्या कमिटीकडून मिळते.

प्रोव्हिजनल खेळता येतो तो दोनच शक्यतांसाठी: चेंडू पेनल्टी एरियाच्या (तळे, ओढा अशा आखलेल्या भागाच्या) बाहेर हरवला असेल, किंवा आउट ऑफ बाउंड्स, म्हणजे कोर्सच्या हद्दीबाहेर, गेला असेल. चेंडू सरळ तळ्यातच गेला आहे आणि दुसरीकडे कुठे असण्याची शक्यताच नाही, हे खेळाडूला माहीत असेल तर प्रोव्हिजनल नाही. अशा वेळी 'प्रोव्हिजनल' म्हणून मारलेला चेंडूही खराच धरला जातो, आणि पाण्याजवळ ड्रॉप घेण्याचा (चेंडू हाताने टाकून तिथून खेळण्याचा) स्वस्त मार्ग बंद होतो. तळ्याच्या काठाला उंच गवत असेल तर मात्र गोष्ट बदलते. चेंडू गवतात हरवला असण्याची शक्यता खरी असेल तर प्रोव्हिजनल मारता येतो. पुढे गेल्यावर तो तळ्यातच गेला हे जवळजवळ निश्चित झाले (नियमांच्या भाषेत किमान 95 टक्के), तर प्रोव्हिजनल सोडून द्यावा लागतो. तेवढी खात्री नसेल आणि चेंडूही मिळाला नाही, तर तो हरवलेला आणि प्रोव्हिजनल चालू. स्थानिक नियमाने पेनल्टी एरियासाठीही प्रोव्हिजनलची मुभा देता येते, म्हणून पहिल्या टीवर जाण्याआधी स्कोअरकार्डाची मागची बाजू वाचून घ्यावी.

शोधायला 3 मिनिटे मिळतात. 2019 पूर्वी 5 मिळत होती, आणि जुने खेळाडू अजूनही त्याच हिशेबाने झुडपे चाळत बसतात. घड्याळ सुरू होते ते खेळाडू किंवा त्याचा कॅडी (बॅग वाहणारा मदतनीस) शोधू लागल्यापासून. जोडीदारासोबत खेळत असाल तर जोडीदार किंवा त्याचा कॅडीही त्यात येतो. गटातले इतर लोक आधी पोचून शोधत असतील तर तो वेळ मोजला जात नाही. पण ज्याचा चेंडू गेला आहे तो आपली क्लब निवडत मुद्दाम मागे रेंगाळतो आणि बाकीचे तिघे झाडीत वाकून फिरतात, हे नियमात बसत नाही: तो रेंगाळला नसता तर जेव्हा शोधू लागला असता तेव्हापासूनच वेळ मोजला जातो, आणि मागच्या गटालाही ते मुळीच आवडत नाही. चांगली सवय अशी: चेंडू उडाल्यापासून त्याच्यावरून नजर हलवायची नाही, तो जिथे दिसेनासा झाला त्या रेषेत एक ठळक खूण धरायची (वाळलेली फांदी, दिव्याचा खांब, काहीही) आणि त्याच रेषेत चालत जायचे. सगळ्यांनी शोधायला जाण्याचीही गरज नसते. ज्यांचे चेंडू मोकळ्यात आहेत त्यांनी आपापले फटके मारून घ्यावेत, मग मदतीला यावे.

टीवर प्रोव्हिजनल मारायची पाळी गटातल्या सगळ्यांचे पहिले फटके झाल्यावर येते. मारण्याआधी चेंडूचा ब्रँड आणि आकडा मोठ्याने सांगावा आणि दोन्ही चेंडूंवर वेगळी खूण असावी. ही औपचारिकता वाटते, पण दोन्ही चेंडू एकाच ब्रँडचे, एकाच आकड्याचे, विनाखुणेचे असतील आणि त्याच झाडीत एकच सापडला, तर तो प्रोव्हिजनल मानला जातो. मार्कर पेनने काढलेला एक ठिपका इथे दोन फटके वाचवतो.

आता सगळ्यांत जास्त चुका होतात तो भाग. प्रोव्हिजनल कधीपर्यंत प्रोव्हिजनल राहतो? समजा, पहिला चेंडू टीपासून 200 मीटरवर झाडीत आहे असा अंदाज आहे आणि प्रोव्हिजनल जेमतेम 150 मीटरवर पडला. तिथून तो पुन्हा मारता येतो, तरीही तो प्रोव्हिजनलच. कारण अंतर मोजायचे ते होलपासून, आणि 150 मीटरची जागा होलपासून जास्त लांब आहे. प्रोव्हिजनल 220 मीटरवर पोचला असेल तर नुसता पोचल्याने काही बिघडत नाही. पण तिथून तो मारला की पहिला चेंडू त्याच क्षणी संपला. पुढच्याच मिनिटाला तो हिरवळीवर सापडला तरी उपयोग नाही. याची उलट बाजूही आहे. प्रोव्हिजनल होलला चिकटून थांबला आणि पहिला चेंडू काट्यांत असेल, तर खेळाडूला पहिला न शोधण्याची पूर्ण मुभा आहे. सोबत्यांना 'शोधू नका' अशी विनंती करता येते, मात्र त्यांनी ती मानलीच पाहिजे असे नाही. 3 मिनिटांत, आणि प्रोव्हिजनल पुढच्या जागेवरून मारला जाण्याआधी, कोणी पहिला शोधून काढला तर खेळाडूला जाऊन तो पाहावा लागतो, आणि तो त्याचाच निघाला तर त्यावरच खेळावे लागते. त्यानंतर प्रोव्हिजनल मारला तर तो चुकीचा चेंडू. स्ट्रोक प्लेमध्ये (एकूण फटके मोजण्याच्या प्रकारात) त्याला दोन फटके दंड आहे, आणि पुढच्या टीवरून मारण्याआधी चूक सुधारली नाही तर बाद.

मोजणी सोपी आहे. पहिला सापडला तर प्रोव्हिजनलवर मारलेले सगळे फटके पुसले गेले आणि पुढचा फटका दुसरा. पहिला गेला तर प्रोव्हिजनलचा पहिला फटका तिसरा धरून पुढे मोजायचे.

काही कोर्सवर दोन फटके दंड घेऊन चेंडू हरवल्याच्या अंदाजी जागेजवळ, फेअरवेच्या (कापलेल्या गवताच्या मुख्य पट्ट्याच्या) कडेपर्यंत ड्रॉप घेण्याचा स्थानिक नियम असतो. रोजच्या खेळात तो फार उपयोगी आहे. मात्र पहिल्या चेंडूसाठी प्रोव्हिजनल मारून बसलात तर त्याच चेंडूसाठी हा ड्रॉप मिळत नाही, म्हणून टीवर उभे असतानाच काय ते ठरवून टाका.

सेकंड बॉलचे प्रसंग कमी येतात आणि ते सगळे चेंडूपाशी उभे राहिल्यावर येतात. उदाहरणार्थ, चेंडू ओलसर खड्ड्यात आहे. पाऊल टाकले की पाणी वर येते का, की नुसताच चिखल आहे? खणलेल्या जागेभोवती पांढरी रेघ पुसट झाली आहे. चेंडू आत आहे की बाहेर? फुकट ड्रॉप मिळतो की नाही, यावर गटात दोन मते आहेत. एकमेकांना नियम विचारायला हरकत नाही. नियमांची माहिती सांगणे 'सल्ला' ठरत नाही, आणि नियमपुस्तक फोनमध्ये असतेच. मिनिटाभरात उत्तर मिळाले तर उत्तम. मिळाले नाही आणि रेफरी दोन होल पलीकडे असेल, तर त्याची वाट पाहत बसण्यापेक्षा सेकंड बॉल घ्यावा.

कृती अशी. शंका उभी राहिल्यावर, पुढचा फटका मारण्याआधी, मार्करला (तुमचे आकडे लिहिणाऱ्याला) सांगायचे: 'मी दोन चेंडू खेळतो आहे. एक जिथे आहे तिथून, एक ड्रॉप घेऊन. नियम चालू देत असतील तर ड्रॉपचा मोजावा.' कोणता मोजायचा हे सांगायला विसरलात तर जो आधी खेळलात तोच निवडलेला धरतात. दोन्ही चेंडू होलमध्ये घालायचे आणि दोन्हींचे आकडे वेगवेगळे लिहायचे. मग स्कोअरकार्ड देण्याआधी सगळी हकीकत कमिटीला सांगायची. निवडलेला चेंडू नियमानुसार खेळला गेला असेल तर तो मोजतात, नाहीतर दुसरा नियमात बसत असेल तर तो. न मोजलेल्या चेंडूवरचे फटके धरले जात नाहीत.

दोन्हींचा आकडा सारखा आला तर 'आता विचारायचे काय?' असे वाटते. विचारावेच लागते. न सांगता कार्ड दिले तर बाद. आणि एक फटका मारून झाल्यावर, तो फसल्यावर, 'थांबा, मी दोन चेंडू खेळतो' म्हणता येत नाही. निर्णय फटक्याआधी झाला पाहिजे.

हा मार्ग फक्त स्ट्रोक प्लेचा आहे. मॅच प्लेमध्ये (एकेक होल जिंकण्याच्या प्रकारात) सेकंड बॉल नाही. तिथे दोघांनी आपसात ठरवायचे, किंवा एकाने आपली हरकत वेळेत नोंदवून पुढे खेळायचे आणि रेफरी किंवा कमिटी नंतर निकाल देते. प्रोव्हिजनल मात्र दोन्ही प्रकारांत चालतो. मॅच प्लेमध्ये फक्त पाळीकडे लक्ष हवे. प्रोव्हिजनल होलजवळ आहे म्हणून पाळी नसताना घाईने मारला, तर प्रतिस्पर्धी तो फटका रद्द करून पुन्हा मारायला लावू शकतो, पण त्यामुळे संपलेला पहिला चेंडू पुन्हा खेळात येत नाही.

वेळेच्या बाबतीत दोघांना एकाच मापाने मोजू नये. प्रोव्हिजनलला टीवर फार तर मिनिटभर लागते आणि 200 मीटर मागे चालत जाणे वाचते. म्हणून थोडीशी शंका असली तरी मारून टाकावा. न मारता पुढे गेलात आणि मग मन बदलले, तर 3 मिनिटे संपण्याआधी परत येऊन मारता येतो, पण तोवर मागचा गट टीवर उभा असतो आणि वाचवायचा वेळ आधीच गेलेला असतो. सेकंड बॉलचा हिशेब उलटा आहे. ग्रीनपर्यंत प्रत्येक फटका दोनदा, दोनदा रेषा पाहणे, दोनदा पटिंग करणे. रेफरी हाकेच्या अंतरावर असेल तर त्यालाच बोलवावे. हौशी फेरीत, जिथे कार्ड कोणाकडे द्यायचेच नाही, तिथे सेकंड बॉल म्हणजे निव्वळ वेळकाढूपणा. दोघांनी पटेल ते ठरवावे आणि पुढे चालावे.

दोन चेंडूंमुळे गट मागे पडला आणि पुढचा होल मोकळा दिसू लागला, तर मागच्यांना हात करून पुढे जाऊ द्यावे. शोधाशोधीत तर 3 मिनिटे संपायची वाट पाहण्याचीही गरज नाही. चेंडू लवकर मिळणार नाही असे दिसले की बाजूला व्हावे, त्यांना मारू द्यावे, आणि ते टप्प्याबाहेर गेल्याशिवाय आपण मारू नये. त्यांना जाऊ देताना शोध थांबवून उभे राहिलात तर तो वेळ तुमच्या 3 मिनिटांत धरला जात नाही.